सिस्टरच्या कोंबड्या आणि चिटणिसांची स्कूटर

दिनांक ७ एप्रिल. तक्रारीचा तपशील पुढीलप्रमाणे. ज्या बाईने आपली उमेदीची सगळी वर्षे एका रुग्णालयाच्या स्त्री-विभागात उभ्याने काढली, तिला तो विभाग बंद होत असल्याची बातमी अधीक्षकांनी दिली नाही, डॉक्टरांनी दिली नाही. ती दिली पडदे मोजायला आलेल्या माणसाने. तो शिडीवर उभा होता. "पडदे उतरवायचेत, बाई," तो वरूनच म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?" नंतर निरोपाचा रीतसर समारंभ झाला. पुष्पगुच्छ दिला गेला, भिंतीवरचे एक घड्याळ देण्यात आले आणि अधीक्षकांनी चार गोड वाक्ये वाचून दाखवली. त्यांपैकी दोन वाक्ये आदल्या महिन्यात निवृत्त झालेल्या लेखापालासाठी लिहिलेली होती, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले; वाचणाऱ्याच्या आले नाही. ही तक्रार कोणत्या खिडकीवर द्यावयाची, याची सूचना कोठेही लावलेली नाही. म्हणून ती येथे नोंदवली आहे.

ही बाई म्हणजे गल्लीच्या सिस्टर. त्यांचे खरे नाव कागदोपत्री असेल तिथे असेल. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचे यजमान शिवणकाम करतात, म्हणून ते मास्तर. घरात माणसे दोनच, आणि इतकी वर्षे ती दोन्ही माणसे एकाच वेळी घरात असण्याचा प्रसंग क्वचितच आला होता. त्यामुळे त्यांचा संसार उत्तम चालला होता.

सिस्टर कायमच्या घरी बसल्या आणि मास्तरांवर काय ओढवले, ते मास्तरांनाच ठाऊक. घराची पुढची खोली हे त्यांचे दुकान. रस्त्याकडे उघडणारे दार, खिडकीशी शिलाई मशीन, कापड कापायचे लांबलचक टेबल, माणूसभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात कपडे बदलण्यासाठी लावलेला पडदा. या राज्यात सिस्टरनी पाऊल टाकले ते बादली घेऊनच. कात्र्या उकळत्या पाण्यात घातल्या गेल्या आणि त्यांची धार गेली. मापाची टेप स्पिरिटने पुसली गेली. टेप लख्ख झाली, आकडे नाहीसे झाले. इथवर मास्तरांनी सोसले. पण एके दिवशी पॅन्ट कमरेत सैल करून घ्यायला आलेल्या एका गृहस्थाला सिस्टरनी स्टुलावर बसवले, त्याची नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढली आणि सांगितले, "पॅन्ट सैल करू नका. पोट कमी करा." ते गिऱ्हाईक गेले ते गेलेच.

"अगं, मी माणसाला कपडा बसवतो," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचा रागही दातांच्या फटीतून बारीक होऊन बाहेर पडे. "तू कपड्यात माणूस बसवायला निघालीस."

"मग खोटं सांगू का त्याला?"

"काहीच सांगू नकोस. तुला कुणाची तरी देखभाल केल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला कळतं. मग माणसं सोडून काहीही आण. झाडं आण, मासे आण, कोंबड्या आण. पण माझं गिऱ्हाईक सोड."

मास्तर हे चेष्टेने म्हणाले. परंतु डॉक्टरांनी जाता जाता उच्चारलेली सूचनाही जी कधी विसरली नाही, त्या बाईपुढे चेष्टेने बोलू नये. दुसऱ्या सकाळी सिस्टर बाजारातून चार तलंगा घेऊन आल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. तीन त्यांनी पारखून घेतल्या आणि चौथी मुद्दाम मरगळलेली निवडली. सगळेच पेशंट धडधाकट असतील तर ड्यूटीला अर्थ तो काय.

"ठेवणार कुठं?" विकणारीने विचारले होते.

"जागा आहे."

"कशी आहे?"

"स्वच्छ," सिस्टर म्हणाल्या. त्यावर विकणारी नुसती "बरं" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

जागा खरोखर होती. घराच्या मागे अंगण होते आणि त्या अंगणात खुराड्यासाठी निवड करता येईल अशा जागा तीन. पहिली झाडाखाली, पण गल्लीतल्या मांजरांची वहिवाट नेमकी तिथूनच. दुसरी अंगणाच्या टोकाची पत्र्याची शेड, जिच्यात सकाळचे ऊन थेट आतपर्यंत येई. ही शेड सिस्टरच्या मालकीची होती आणि ताब्यात शेजारच्या चिटणिसांच्या होती. याचा खुलासा करणे आवश्यक आहे.

चिटणीस हे गल्लीच्या रहिवासी समितीचे चिटणीस. हे पद दर वर्षी बदलावे असा नियम आहे. नियमांची अंमलबजावणी चिटणिसांनी करावयाची असल्यामुळे ते बदललेले नाही. काही वर्षांपूर्वी त्यांची स्कूटर बंद पडली, तेव्हा ते सिस्टरच्या दारात येऊन म्हणाले होते, "दोन दिवस तुमच्या शेडमध्ये ठेवतो. पार्ट आला की नेतो." सिस्टर तेव्हा ड्यूटीवर जाण्याच्या घाईत होत्या, त्या "ठेवा" म्हणाल्या. पार्ट आला नाही. स्कूटरला सोबत म्हणून पाठोपाठ एक फाटका सोफा आला, मग पत्र्याचे डबे, मग कपाटाचे एक दार, ज्याचे कपाट केव्हाच मोडीत गेले होते. पाहुण्या म्हणून आलेल्या वस्तू अशा घरमालक झाल्या. शेडमध्ये धुळीचा थर साचला. सिस्टर तिकडे पाहतही नसत. पाहिले तर अंगावर काटा येई.

राहता राहिले मागच्या दाराशेजारचे जुने न्हाणीघर. घरात नवे न्हाणीघर झाल्यापासून ते पडून होते. खाली पांढरी फरशी, भिंतींना कमरेएवढ्या फरश्या, पाणी जायला मोरी, कडी लागणारे दार आणि वर हाताएवढा एक झरोका. सिस्टरनी दार उघडले आणि त्यांना आपला विभाग परत मिळाल्यासारखे वाटले.

मास्तर म्हणाले, "कोंबड्या ठेवणार आहेस की बाळंतिणी?"

"घाणीत ठेवून आजारी पाडू का त्यांना?" सिस्टर म्हणाल्या आणि बाह्या वर केल्या.

न्हाणीघर खरवडले गेले, फिनेलने धुतले गेले, पुसले गेले आणि पुन्हा धुतले गेले. चार लाकडी खोकी भिंतीशी ओळीने लागली. प्रत्येक खोक्यात मास्तरांच्या दुकानातले पांढरे फडके घडी करून अंथरले आणि प्रत्येकावर नंबर टाकला. कोंबड्यांना नावे मिळाली नाहीत, नंबर मिळाले. मरगळलेलीला तीन नंबर मिळाला. वारा लागू नये म्हणून झरोक्याला कापड लावले. सकाळी धुणे, संध्याकाळी धुणे, मधे काही पडलेले दिसले तर तेवढ्यापुरते धुणे.

पेशंटांनी मात्र पहिल्या दिवसापासून असहकार पुकारला. संध्याकाळी सिस्टर एकेकीला उचलून आपापल्या खोक्यात ठेवत. त्या पाठ वळवून दारापर्यंत पोचेपर्यंत चारही जणी एक नंबरच्या खोक्यात एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असत. सिस्टर परत जात, पुन्हा वाटप करीत. "एका खाटेवर एकच," त्या बजावत. चार नंबर मान वाकडी करून त्यांच्याकडे पाही आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उडी मारून परत जाई.

"माझ्या विभागात असं कधी झालं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"तुझ्या विभागातल्या बायकांना खाट बदलायला पंख नव्हते," मास्तर म्हणाले.

पण या चेष्टेत सिस्टरचा चेहरा खुलला होता, ही गोष्ट मास्तरांच्या नजरेतून सुटली नाही. त्या पुन्हा पहाटे स्वतःहून उठू लागल्या होत्या. केसांचा घट्ट अंबाडा परत आला होता. पुढच्या खोलीत त्या आता फक्त चहा घेऊन येत आणि गिऱ्हाइकाची पापणी न ओढता परत जात. मास्तरांनी नवी टेप आणली आणि मनोमन कोंबड्यांचे आभार मानले.

हे सुख फार टिकले नाही. सुखाचे ते लक्षणच आहे. न्हाणीघराला एक वास येऊ लागला. फिनेलचा वास वेगळा आणि हा वेगळा. हा नाकातून वर चढून डोळ्यांत उतरत असे. फरशी कधीच वाळत नव्हती. कोंबड्यांच्या पायांना सतत ओल, पिसे चिकट, आणि तीन नंबर शिंकू लागली. सिस्टरना या सगळ्यावर एकच उपाय माहीत होता, आणि तो त्यांनी दुप्पट जोमाने केला. त्या दिवसातून तीनदा धुऊ लागल्या. वास वाढला. त्या चारदा धुऊ लागल्या.

न्हाणीघराची मागची भिंत म्हणजे चिटणिसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची शेजारीण. चिटणीस नाकाला रुमाल लावूनच अंगणात आले. ते घरातही समितीच्या भाषेत बोलतात, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

"सिस्टर, सदर दुर्गंधीबाबत मी आपल्याला तोंडी कल्पना देत आहे."

"धुतेय ना मी. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"आपण धुता, हे मी ऐकतो. पाण्याचा आवाज येतो. परंतु वासही येतो." त्यांनी रुमाल किंचित बाजूला केला, हुंगले आणि तो परत लावला. "येत्या रविवारी समितीची बैठक आहे. विषय घ्यावाच लागेल. एकतर वास जाईल, नाहीतर कोंबड्या जातील."

"आजारी आहे हो त्यातली एक."

"म्हणजे रोगराईही आहे," चिटणीस म्हणाले. "तोही मुद्दा घेतो."

समिती या संस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे: वर्षानुवर्षे तुंबलेल्या गटाराबाबत तिला कधी मुहूर्त सापडत नाही, परंतु चार कोंबड्या हलवायच्या म्हटल्या की तिची बैठक वेळेवर भरते.

त्या दुपारी सिस्टर मागच्या पायरीवर बसून राहिल्या. मास्तर शिवण सोडून आले. तोंडातल्या टाचण्या त्यांनी काढून शर्टाच्या खिशाला लावल्या. ते गंभीर बोलणार असले म्हणजेच असे करीत.

"बाजारात परत देऊन टाकू या का?"

"तीन नंबरला कोण घेणार? ती शिंकतेय." "आणि या गेल्या की मी काय करू, ते सांगा. तुमच्या दुकानात बसून बटणं मोजू?"

मास्तरांनी खिशाच्या टाचण्या उगाच काढून परत लावल्या.

शुक्रवारी सकाळी सिस्टर बादल्या भरून आणत असताना न्हाणीघराचे दार उघडे राहिले. परत येऊन पाहतात तो चार नंबरचे खोके रिकामे. अर्थात ते रोजच रिकामे असे. पण आज एक नंबरच्या खोक्यातही तिघीच होत्या. सिस्टरनी झाडाखाली पाहिले, मांजराकडे संशयाने पाहिले आणि मग शेडपाशी गेल्या तोच त्यांच्या हातातली बादली खाली पडली.

स्कूटरच्या खाली, साचलेल्या धुळीत, चार नंबर एका कुशीवर पडली होती. एक पंख पसरलेला, एक पाय मागे ताणलेला, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच तिचे सगळे अंग थरथरे, पाय झाडला जाई आणि ती पुन्हा निपचित पडे.

"अहो, लवकर या," सिस्टरनी हाक मारली. "चार नंबरला झटके आलेत."

मास्तर धावत आले ते कोणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या पॅन्टसकट. सिस्टरनी ती पॅन्ट त्यांच्या हातातून ओढली, शेडमध्ये घुसून कोंबडीला त्यात गुंडाळले, मान एका बाजूला वळवून धरली आणि चोच उघडून पाहिली. कोंबडीने डोळे उघडले. झोपेतून उठवलेल्या माणसाने पाहावे तसे तिने सिस्टरकडे पाहिले, मग असा काही आरडाओरडा केला की पॅन्ट एकीकडे आणि कोंबडी दुसरीकडे. ती थेट स्कूटरखाली परत गेली, त्याच खड्ड्यात बसली, पंखांनी अंगावर धूळ उडवून घेतली आणि पुन्हा कुशीवर होऊन पाय ताणला.

मास्तर वाकून बराच वेळ पाहत राहिले. "अगं," ते हळूच म्हणाले, "ती मरत नाहीये. अंघोळ करतेय."

"धुळीने?"

"तू पाण्याने घालतेस, ती तिला आवडत नसेल."

न्हाणीघराच्या उघड्या दारातून बाकीच्या तिघी एकामागून एक बाहेर आल्या. कोणी बोलावले नव्हते. अंगण ओलांडून त्या शेडमध्ये गेल्या आणि कोरड्या धुळीत आपापला खड्डा करून पसरल्या. शिंकणारी तीन नंबरसुद्धा. आजवर खोक्यात कोंबून ठेवावे लागणारे पेशंट स्वतःच्या मर्जीने जागा निवडत होते आणि ती जागा सिस्टरनी आयुष्यात कधी कोणाला दिली नसती.

सिस्टर चिटणिसांच्या एका पालथ्या डब्यावर बसल्या. पेशंटजवळ बसून नुसते पाहायचे, हेही त्यांच्या कामातलेच होते. अलीकडे धुण्याच्या नादात ते राहून गेले होते. त्यांनी शेडच्या जमिनीला तळहात लावला. जमीन कोरडी होती आणि उन्हाने कोमट झाली होती. धुळीत सकाळची विष्ठा पडली होती, तिला त्यांनी नाक जवळ नेऊन हुंगले. मास्तरांनी तोंड फिरवले.

"काय करतेस?"

"वास नाही याला," सिस्टर म्हणाल्या. "वाळलीय, म्हणून वास नाही."

मग त्या उठून न्हाणीघरात गेल्या. तिथल्या फरशीला हात लावला. हात ओला झाला. इतके दिवस त्या इथे उभ्या राहून धूत होत्या आणि कोंबड्या मात्र फरशीपासून वीतभर उंचीवर श्वास घेत होत्या. सिस्टर गुडघे टेकून खाली वाकल्या आणि तोंड खोक्याच्या पातळीला नेले. डोळ्यांत तत्काळ पाणी आले. त्यात भावनेचा भाग नव्हता. दार बंद, झरोक्याला कापड, खाली ओल आणि ओलीत विष्ठा. वास घाणीचा नव्हता, पाण्याचा होता. पाणी त्या स्वतः घालत होत्या.

"मीच आजारी पाडलं तिला," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"आता बरं पण तूच करशील," मास्तर म्हणाले. "जागा सापडली ना?"

जागा सापडली होती. फक्त तिच्यावर चिटणिसांची स्कूटर उभी होती.

सिस्टर त्याच संध्याकाळी शेजारी गेल्या. चिटणीस बैठकीच्या खोलीत रविवारची विषयपत्रिका तयार करीत होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली मामी म्हणते, खिडकी लावून स्वयंपाक करीत होत्या आणि त्यामुळे उकाड्याने त्रासल्या होत्या.

"शेड मोकळी करून द्या," सिस्टरनी आल्या आल्या सांगितले. "कोंबड्या तिकडे नेते. वास जाईल."

चिटणिसांनी पेन खाली ठेवले. "हे दोन स्वतंत्र विषय आहेत. दुर्गंधी हा एक विषय. स्कूटर हा दुसरा. दोन्हींची सरमिसळ करता येणार नाही."

"वास तुमच्या खिडकीत येतो. कोरडी जागा तुमच्या स्कूटरखाली आहे. सरमिसळ झालेलीच आहे."

"स्कूटरचा पार्ट यायचा आहे."

आतून मामी झारा घेऊनच बाहेर आल्या. "पार्ट येईल तोवर तुमचे सगळे पार्ट निकामी होतील," त्या म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही न्या कोंबड्या. सोफा उद्या सकाळी जाईल. डबे जातील. ते कपाटाचं दारही जाईल. मी कधीपासून सांगतेय, पण यांना मोडकं दिसलं की माया येते. नशीब माझे दात अजून शाबूत आहेत, नाहीतर पडलेले दातही यांनी जपून ठेवले असते."

"आणि स्कूटर?" चिटणिसांनी विचारले. आवाज समितीचा राहिला नव्हता.

"तीही जाईल. भंगारवाला रविवारी दुपारी येणार आहे."

चिटणिसांची अवस्था धरले तर चावते, सोडले तर पळते अशी झाली. वासाची तक्रार त्यांची. वास जाण्याचा मार्ग त्यांच्याच स्कूटरवरून जाणारा. त्यांनी विषयपत्रिकेकडे पाहिले, तिच्यात यासाठी कलम नव्हते. "रविवारपर्यंत तरी तिला हात लावू नका," एवढेच ते म्हणाले.

शनिवारी शेड रिकामी झाली. सोफा मामींनी स्वतः ओढून बाहेर काढला. मधे उभी राहिली ती एकटी स्कूटर, टायर बसलेली, आरसा एक, आणि चिटणिसांनी सकाळीच येऊन तिच्यावर घातलेली जुनी चादर. सिस्टरनी तिला वळसा घालून काम केले. धूळ झाडायची नाही, हे ठरवताना त्यांचा हात दोनदा झाडूकडे गेला. उलट त्यांनी जवळच्या सुताराकडून कोरडा भुसा आणून पसरला आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांच्या अंघोळीसाठी धूळ आणि थोडी राख ठेवली. उघड्या बाजूला मांजराचा पंजा जाणार नाही अशी बारीक जाळी ठोकली. छताखालची फट बुजवायला घेतलेले कापड त्यांनी पाहिले, घडी केली आणि परत दुकानात नेऊन ठेवले. तिथून हवा जायला हवी होती. मास्तरांनी तिरपा पाऊस अडवायला गोणपाटाचा पडदा शिवला. त्याला पॅन्टचे हूक लावले आणि पडद्याला आत अस्तर हवे की नको, यावर दोघांचे थोडे वाजले. खोकी दोनच ठेवली, अंडी घालायला. बसायला एक दांडी लावली. पेशंट खाटेवरून पडू नये, या जुन्या धाकाने ती मात्र जमिनीलगत लावली. माणूस एका दिवसात सगळे सोडून देऊ शकत नाही.

अंधार पडू लागला तशा कोंबड्या शेडमध्ये गेल्या. दांडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. एक नंबर उडी मारून स्कूटरच्या सीटवर चढली, तिथून हँडलवर. दोन नंबर तिच्या शेजारी. चार नंबर मागच्या स्टेपनीवर. तीन नंबरने बराच विचार केला, दोनदा घसरली, आणि अखेर सीटवर चादरीच्या घडीत जाऊन बसली. ती दिवसभरात एकदाही शिंकली नव्हती.

रविवारी सकाळी समिती पाहणीला आली. चिटणिसांखेरीज दोघे: एक निवृत्त मुख्याध्यापक आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई. तिघेही अंगणात उभे राहून हुंगू लागले. असे दृश्य दररोज पाहायला मिळत नाही. सिस्टर पायरीशी हात बांधून उभ्या होत्या, वरिष्ठ डॉक्टर फेरीला आल्यावर उभ्या राहत तशाच. फक्त आज बोटे एकमेकांत घट्ट अडकलेली होती.

"वास कुठे आहे?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"मला फिनेलचा येतोय," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "तो न्हाणीघराचा. कोंबड्यांचा काही येत नाही."

"आणि ही स्कूटर कोणाची?" मुख्याध्यापकांनी जाळीतून आत बोट दाखवले. तीन नंबर अजून सीटवरच होती आणि तिथून हलायचा तिचा विचार दिसत नव्हता. "समितीच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या जागेत भंगार ठेवता येत नाही."

चिटणिसांनी घसा साफ केला. हा नियम त्यांनीच लिहिला होता. त्यांनी सिस्टरकडे पाहिले, कुंपणापलीकडे झारा घेऊन उभ्या असलेल्या मामींकडे पाहिले, आणि मग सीटवरच्या कोंबडीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा प्रकाश पडला, जो बैठकांमधून कोणी पाहिलेला नव्हता.

"भंगार नाही ते," चिटणीस म्हणाले. "ती कोंबड्यांची बसायची जागा आहे."

"स्कूटर?"

"उंच जागा लागते त्यांना. ती दांडी पाहा, एकीने तरी वापरली का? आता सवय झालेली आहे. हलवली तर आजारी पडतील. एक तर नुकतीच आजारातून उठली आहे, हे सिस्टर सांगतील." त्यांनी सिस्टरकडे आर्जवाने पाहिले. "सांगा ना."

"उठलीय," सिस्टर म्हणाल्या. "सध्या हलवू नये."

"ऐकलंत? सिस्टरचा सल्ला आहे. सबब माझी तक्रार मी मागे घेतो. कोंबड्या राहतील. त्यासोबत त्यांची," त्यांनी शब्द शोधला, "व्यवस्थाही राहील."

"अहो, भंगारवाल्याला काय सांगू?" कुंपणापलीकडून मामींनी विचारले.

"त्याला सांग, जागा भरलेली आहे."

मामी झाऱ्याने कपाळ खाजवीत म्हणाल्या, "घ्या. मला वाटलं कोंबड्या माझ्या बाजूच्या आहेत."

मास्तर दुकानाच्या मागच्या दारात उभे होते. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना मोठ्याने हसता येत नव्हते, आणि म्हणून ते पाठ करून आत गेले. सिस्टरनी बांधलेले हात सोडले. मग समितीपुढेच त्या जाळीचे दार उघडून आत शिरल्या आणि दांडी उपटून काढली. ती त्यांनी स्कूटरच्या हँडलाएवढ्या उंचीवर पुन्हा ठोकली. दुसऱ्यांच्या वस्तूवर कायमचे अवलंबून राहणे त्यांना पसंत नव्हते. पण कोंबड्यांनी त्यानंतरही हँडलच पसंत केले, ही गोष्ट वेगळी.

चिटणीस आता रोज सकाळी शेडपाशी येतात. स्कूटरवरची घाण स्वतः पुसतात आणि कोणाला दिसू नये अशा बेताने एक नंबरशी बोलतात. अंडी येतात, त्यातली काही मामींकडे जातात, आणि त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. गल्लीतल्या आणखी काही घरांतून सिस्टरना बोलावणे येऊ लागले आहे. त्या जातात, आणि कोंबड्या कोणत्या आणाव्यात हे विचारणाऱ्यांना त्या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. आधी मागचे अंगण दाखवा म्हणतात, जमिनीला तळहात लावून पाहतात, गुडघे टेकून हुंगतात, आणि घरातल्या माणसांनाही तसे करायला लावतात. काही लोकांना यात कमीपणा वाटतो. त्यांच्या घरी त्या दुसऱ्यांदा जात नाहीत.

वाचकांकडे मागणी एवढीच आहे. आपल्या घरामागे सकाळचे ऊन येणारी, हवा खेळती असलेली आणि कोरडी जागा असेल, तर ती या आठवड्यात मोकळी करा. तिथे शेजाऱ्याचे सामान असेल, तर त्याला तोंडावर सांगा. आपले सामान शेजाऱ्याच्या अशा जागेत पडून असेल, तर ते त्याने न मागता उचला. जागा तयार झाल्याखेरीज कोंबडी आणू नका. आणि दुसऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध तक्रार करायची असेल, तर अर्ज लिहिण्यापूर्वी त्याच्या खुराड्यापाशी जाऊन एकदा गुडघ्यावर बसा.